फर सील : बेरिंग समुद्रातील अवघड संसार

‘जंगल बुक’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मोगली, बगिरा आणि शेरखान उभे राहतात. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगच्या १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात जंगलाबाहेरच्याही कथा आहेत, याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवत नाही. त्यांपैकी एक कथा पांढऱ्या सीलची आहे. आपल्या सवंगड्यांची कत्तल डोळ्यांनी पाहिलेले कोटिक नावाचे पिल्लू माणूस पोहोचू शकणार नाही असा किनारा शोधण्यासाठी वर्षानुवर्षे समुद्र पालथा घालते. कथा काल्पनिक असली तरी ती घडते ते बेट आणि तेथील कत्तल या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अलास्का आणि सैबेरिया यांच्यामधील बेरिंग समुद्रात प्रिबिलोफ नावाचा छोटासा द्वीपसमूह आहे. त्यातील सेंट पॉल हे कोटिकचे बेट. ‘कोटिक’ हा फर सीलसाठी वापरला जाणारा रशियन शब्दच आहे.

या बेटांवर व्यापारासाठी होणारी कत्तल थांबून आज चार दशके उलटून गेली आहेत. तरीही सेंट पॉलवरील सीलची संख्या वाढण्याऐवजी घटत चालली आहे. मारणारा हात थांबल्यावरही प्राणी का सावरत नाही, हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी या प्राण्याचा विलक्षण संसार समजून घेतला पाहिजे.

मासा नव्हे, सस्तन प्राणी

आपल्याकडे बोलताना पुष्कळदा ‘सील मासा’ असा उल्लेख होतो. वास्तविक सील हा मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना जन्म देणारा आणि त्यांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. कुत्रा, अस्वल आणि कोकणातील नद्यांमध्ये आढळणारा ऊद ज्या मांसाहारी गणात मोडतात, त्याच गणात सीलचाही समावेश होतो. जमिनीवर राहणाऱ्या त्यांच्या पूर्वजांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राची वाट धरली आणि पायांची वल्ही झाली.

सीलचे दोन मोठे गट आहेत. ‘खऱ्या’ सीलना बाह्यकर्ण नसतात. त्यांचे मागचे पाय कायमचे मागे वळलेले असल्यामुळे जमिनीवर त्यांना पोट घासत सरकावे लागते. फर सील आणि सागरी सिंह यांचा गट वेगळा आहे. त्यांना लहानसे, गुंडाळीसारखे कान असतात. मागचे पाय शरीराखाली वळवता येत असल्यामुळे ते चारही पायांवर चालतात, खडकांवर चढतात आणि प्रसंगी धावूही शकतात. पाण्यात मात्र त्यांची सारी गती पुढच्या वल्ह्यांमधून येते. पक्षी हवेत पंख मारतो, तसे ते पाण्यात वल्ही मारतात.

जगात फर सीलच्या आठ-नऊ जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक दक्षिण गोलार्धात राहतात. उत्तर पॅसिफिकमधील फर सील मात्र आपल्या वंशातील एकमेव जिवंत जात आहे. कॅलोऱ्हायनस उर्सिनस हे त्याचे शास्त्रीय नाव. त्यातील ‘उर्सिनस’ म्हणजे अस्वलासारखा. जॉर्ज स्टेलर हा जर्मन निसर्गतज्ज्ञ व्हायटस बेरिंग याच्या मोहिमेबरोबर निघाला होता. १७४१ साली जहाज फुटून तो एका निर्जन बेटावर अडकला. तेथे त्याने या प्राण्याचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले आणि त्याला ‘समुद्री अस्वल’ म्हटले. त्याच बेटाभोवती त्याने पाहिलेली महाकाय समुद्रगाय पुढच्या तीसएक वर्षांतच शिकाऱ्यांनी जगातून नाहीशी केली. फर सीलचे नशीब थोडे बरे म्हणायचे.

ऊबही फरीचीच, संकटही फरीचेच

थंड समुद्रात शरीराची ऊब टिकवणे ही सस्तन प्राण्यापुढची पहिली अडचण असते. देवमासे आणि खरे सील कातडीखालच्या चरबीच्या जाड थराने ती सोडवतात. फर सीलची मुख्य भिस्त मात्र त्याच्या केसांवर आहे. वर दिसणाऱ्या राठ केसांखाली अतिशय मऊ आणि बारीक लोकर असते. तिची घनता दर चौरस सेंटिमीटरला चाळीस हजार तंतूंहून अधिक भरते. माणसाच्या डोक्यावर तेवढ्याच जागेत दोन-तीनशे केस असतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा दाटपणा ध्यानात येईल. या लोकरीत हवा अडकून राहते आणि वर्षातील आठ-नऊ महिने समुद्रात काढूनही पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही.

अशा शरीराला जमिनीवर उकाड्याचा त्रास होतो. त्यावर उपाय म्हणून निसर्गाने वल्ही केसविरहित ठेवली आहेत. मागची वल्ही तर शरीराच्या मानाने फारच लांब असतात. उन्हात तापलेला सील ती पंख्यासारखी हलवतो आणि रक्तातील उष्णता बाहेर टाकतो. थंड पाण्यात विश्रांती घेताना तो याच्या नेमके उलट करतो. एक पुढचे वल्हे आणि दोन मागची वल्ही पाण्याबाहेर एकत्र धरून तो तरंगतो. दुरून पाहणाऱ्याला सुरईचा कान पाण्यावर तरंगत असल्याचा भास होतो.

झोपेची तऱ्हाही अशीच न्यारी आहे. जमिनीवर फर सील आपल्यासारखाच पूर्ण झोपतो. समुद्रात मात्र तो कुशीवर पडून मेंदूचा एकच अर्धा भाग झोपवतो. जागा असलेला अर्धा भाग एक वल्हे हळूहळू हलवत ठेवतो, म्हणजे नाक पाण्याबाहेर राहते. स्वप्नांशी संबंधित समजली जाणारी झोपेची अवस्था या काळात जवळजवळ नाहीशी होते. असे कित्येक दिवस गेले तरी प्राण्याचे काही बिघडत नाही आणि किनाऱ्यावर परतल्यानंतर ही झोप पूर्ववत होते. हे निरीक्षण २०१८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना आपल्या काही समजुती पुन्हा तपासाव्या लागल्या.

उन्हाळ्याचे चार महिने

फर सीलचे वर्ष दोन असमान भागांत विभागलेले असते. मोठा भाग समुद्राचा आणि छोटा किनाऱ्याचा. मे-जूनमध्ये पूर्ण वाढलेले नर प्रिबिलोफ बेटांवर दाखल होतात आणि खडकाळ किनाऱ्याचा एकेक तुकडा बळकावतात. नराचे वजन दोनशे किलोच्या पुढे जाते, तर मादी जेमतेम चाळीस-पन्नास किलोंची असते. एकाच जातीच्या नर-मादीत एवढी तफावत सस्तन प्राण्यांत क्वचितच आढळते. जागा मिळवण्यासाठी आणि राखण्यासाठी नरांत रक्तबंबाळ करणाऱ्या झुंजी होतात. एकदा जागा मिळाली की नर ती सोडून पाण्यातही उतरत नाही. सुमारे दोन महिने तो अन्नाचा कणही खात नाही आणि साठवलेल्या चरबीवर जगतो.

जूनच्या उत्तरार्धात माद्या येऊ लागतात. मागच्या उन्हाळ्यात राहिलेला गर्भ त्यांच्या पोटात असतो आणि किनाऱ्याला लागल्यावर एक-दोन दिवसांत त्या एकेका पिलाला जन्म देतात. त्यानंतर आठवडाभरात पुन्हा समागम होतो. एका यशस्वी नराच्या वाट्याला कितीतरी माद्या येतात, तर बहुसंख्य नरांच्या वाट्याला एकही येत नाही. तरुण नरांना प्रजननाच्या जागी थारा नसल्यामुळे ते बाजूच्या मोकळ्या जागेत गोळा होतात. त्यांना ‘बॅचलर’ असेच नाव पडले आहे. प्राणिजीवनातील हा बारकावा पुढे या जातीच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला.

नवा गर्भ लगेच वाढू लागत नाही. काही दिवस वाढून तो थबकतो आणि सुमारे चार महिने गर्भाशयात न रुजता तसाच राहतो. नोव्हेंबरच्या सुमारास तो रुजतो आणि पुढे वाढीला लागतो. या युक्तीमुळे प्रसूती आणि समागम ही दोन्ही कामे किनाऱ्यावरच्या एकाच मुक्कामात उरकतात. पुढचे पिल्लूही बरोबर उन्हाळ्यातच जन्माला येते.

मादीची खरी कसोटी यानंतर सुरू होते. ती नराप्रमाणे उपाशी राहू शकत नाही, कारण तिला दूध तयार करायचे असते. म्हणून ती पिलाला किनाऱ्यावर ठेवून समुद्रात जाते, साधारण आठवडाभर मासे आणि माकूळ खाते, परतून एक-दोन दिवस पिलाला पाजते आणि पुन्हा निघते. भक्ष्य रात्री पाण्याच्या वरच्या थरात येत असल्यामुळे तिची शिकार बहुधा रात्रीच चालते. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. या मादीच्या दुधात तो चाळीस टक्क्यांच्याही वर जातो. पुढच्या आठवड्याच्या उपवासाची सोय त्या एका-दोन दिवसांत करायची म्हटल्यावर दूध असे दाट असणे भागच आहे.

हजारो काळ्या पिलांच्या कलकलाटात परतलेली आई आपले पिल्लू कसे ओळखते? दोघे एकमेकांना हाका मारतात आणि आवाजावरून ओळख पटवतात. आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवल्यावर असे दिसून आले की, ही ओळख किमान चार वर्षे विसरली जात नाही. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले.

चार महिन्यांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दूध सुटते. पिलांना समुद्राची वाट दाखवायला कोणी नसते. ती एकेकटी पाण्यात उतरतात आणि अल्युशियन बेटांमधील सामुद्रधुन्या ओलांडून हिवाळी वादळांच्या पॅसिफिकमध्ये जातात. त्यानंतर सुमारे दोन वर्षे बहुतेक पिले जमिनीला पाय लावत नाहीत. माद्या थेट कॅलिफोर्नियाच्या समुद्रापर्यंत प्रवास करतात, मोठे नर मात्र उत्तरेकडेच राहतात. जगलीवाचलेली पिले पुढे बहुधा त्याच बेटावर, पुष्कळदा जन्मस्थळाच्या अगदी जवळ, परत येतात.

किनाऱ्याचा हिशेब, समुद्रातील लूट

दरवर्षी ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी, लाखोंच्या संख्येने किनाऱ्यावर येणारा प्राणी शिकाऱ्याला आयताच सापडतो. त्यात अंगावर जगातील उत्तम फर! १७८६ साली गाव्रील प्रिबिलोफ या रशियन नाविकाने ही बेटे शोधली. रशियन व्यापाऱ्यांनी अल्युशियन बेटांवरील उनांगन लोकांना तेथे नेऊन सील मारण्याच्या कामाला जुंपले. बेसुमार कत्तलीने पन्नास वर्षांत कळप खालावला, तेव्हा रशियनांनी माद्या मारण्यावर बंदी घातली आणि कळप सावरू लागला. त्यामागील हिशेब सरळ होता. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणजे बहुतेक तरुण नर ‘जादा’ आहेत. फक्त तेच मारले तर पिलांची संख्या कमी होणार नाही.

१८६७ साली अमेरिकेने ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेतले आणि १८७० पासून बेटे एका कंपनीला वीस वर्षांच्या मक्त्याने दिली. दरवर्षी लाखभर कातडी बेटांवरून निघू लागली. प्रक्रियेसाठी ती लंडनला जात. तेथे वरचे राठ केस काढून टाकले की खालची मखमली लोकर श्रीमंतांच्या कोटांसाठी तयार होई.

हा हिशेब मोडला तो समुद्रात. जहाजांवरून फर सीलची शिकार करणाऱ्यांची संख्या १८८० च्या दशकात झपाट्याने वाढली. उघड्या समुद्रात नर-मादी ओळखता येत नाही. शिवाय पिलांसाठी अन्न शोधत पाण्यात असतात त्या माद्याच. एक मादी मारली की पोटातला गर्भ जाई आणि किनाऱ्यावर वाट पाहणारे पिल्लू उपासमारीने मरे. म्हणजे एका कातड्यापायी तीन जीव. जखमी होऊन बुडालेल्या सीलचा तर हिशेबच नव्हता. अमेरिकेने परदेशी जहाजे पकडली, पण समुद्र सर्वांचा आहे या मुद्द्यावर १८९३ साली पॅरिसच्या लवादाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. शतक संपता संपता कळप कोसळला.

यातून मार्ग निघाला तो १९११ साली. अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन या चार देशांनी समुद्रातील शिकार बंद करण्याचा करार केला. शिकार सोडणाऱ्या जपान आणि कॅनडाला प्रिबिलोफवरील कातड्यांचा प्रत्येकी पंधरा टक्के वाटा देण्याचे ठरले. वन्यजीवांच्या रक्षणासाठी झालेला हा पहिला महत्त्वाचा आंतरराष्ट्रीय करार मानला जातो. लुटीपेक्षा संयमात अधिक लाभ आहे हे सर्वांना पटवून देणे, हे त्याचे मर्म होते. काही लाखांवर आलेली संख्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वीस लाखांच्या घरात पोहोचली.

या यशाची किंमत मात्र माणसांनी मोजली. बेटांवरील उनांगन लोक दीर्घकाळ अमेरिकन सरकारच्या ताब्यात, जवळजवळ वेठबिगारासारखे राहिले. १९४२ साली जपानने अल्युशियन बेटांवर हल्ला केल्यानंतर त्यांना हलवून दक्षिण-पूर्व अलास्कातील पडक्या इमारतींत ठेवण्यात आले. रोगराई आणि हालअपेष्टांनी तेथे अनेक जण दगावले. तशाही स्थितीत १९४३ च्या उन्हाळ्यात पुरुषांना सील मारण्यासाठी बेटावर परत नेण्यात आले! या अन्यायाबद्दल अमेरिकन संसदेने १९८८ साली नुकसानभरपाई मंजूर केली.

अंदाज चुकला

कळप वाढला तशी तज्ज्ञांना नवी कल्पना सुचली. गर्दी फार झाली आहे, माद्या कमी केल्या तर उरलेल्यांना अन्न अधिक मिळेल, पिले अधिक जगतील आणि कातडीही अधिक मिळतील, असा तर्क मांडला गेला. १९५६ ते १९६८ या काळात सुमारे तीन लाख माद्या मारण्यात आल्या. कागदावरचा तर्क समुद्राने मानला नाही. पिलांची संख्या घटली आणि माद्यांची कत्तल थांबवल्यावरही अपेक्षेप्रमाणे भरून आली नाही. शतकाहून अधिक काळापूर्वी रशियन व्यापाऱ्यांनी अनुभवातून घेतलेला धडा विज्ञानाच्या नावाखाली विसरला गेला होता.

सेंट पॉलवरील व्यापारी शिकार १९८४ साली थांबली. उनांगन लोकांना स्वतःच्या अन्नापुरती मर्यादित शिकार करण्याची मुभा आजही आहे. संख्या १९५० च्या दशकातील पातळीच्या निम्म्याहून खाली आल्यामुळे १९८८ साली अमेरिकेने या कळपाला ‘क्षीण’ ठरवून विशेष संरक्षण दिले. तरीही घसरण थांबली नाही. १९९० च्या दशकात सेंट पॉलवर दरवर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास पिले जन्मत, आता त्याच्या निम्मीही जन्मत नाहीत.

बोगोस्लोफचा धडा

प्रिबिलोफच्या दक्षिणेला बोगोस्लोफ नावाचे चिमुकले ज्वालामुखी बेट आहे. १९८० साली तेथे प्रथमच फर सीलची पिले आढळली, तीही अवघी दोन. पस्तीस वर्षांत हा आकडा पंचवीस हजारांपुढे गेला. डिसेंबर २०१६ ते ऑगस्ट २०१७ या काळात ज्वालामुखीचे स्फोट होत राहिले आणि बेटाचा आकारच बदलला. तरी सील त्या तप्त राखेवर परतून आले आणि त्यांनी पिले वाढवली.

एकाच समुद्रात एक वसाहत ओस पडते आणि दुसरी भरभराटते, याचे एक कारण अंतरात आहे. सेंट पॉल उथळ सागरतळाच्या विस्तीर्ण पट्ट्यावर आहे. तेथील माद्यांचे मुख्य भक्ष्य पोलॉक हा मासा आहे आणि त्यासाठी त्यांना दूरवर जावे लागते. बोगोस्लोफच्या लगतच खोल पाणी आहे. तेथे माकूळ आणि खोल पाण्यातले स्निग्ध मासे हाताशी मिळतात. आई लवकर परतते, पिल्लू अधिक वेळा पिते आणि जोमाने वाढते. सेंट पॉलवरच्या आईची फेरी लांबली की पिल्लू हलके राहते. नोव्हेंबरच्या वादळात एकट्याने उतरणाऱ्या पिलाच्या बाबतीत दोन-तीन किलोंचा फरकही जगण्या-मरण्याचा ठरू शकतो.

मग सेंट पॉलच्या माद्यांचे अन्न दुरावले कशामुळे? बेरिंग समुद्रातील पोलॉकची मासेमारी जगातील सर्वांत मोठ्या मासेमारींपैकी एक आहे. ती सीलच्या तोंडचा घास काढते काय, यावर शास्त्रज्ञ आणि मच्छीमार उद्योग यांच्यात दीर्घकाळ वाद आहे. सील पुष्कळदा लहान पोलॉक खातात, तर जाळी मोठ्या माशांसाठी टाकली जातात, असा एक युक्तिवाद केला जातो. मोठे मासे कमी झाले की माशांची ठिकाणे आणि पुढची पैदासही बदलते, असे त्यावर उत्तर दिले जाते. त्यात समुद्र तापू लागला आहे. २०१८ आणि २०१९ च्या हिवाळ्यांत बेरिंग समुद्रावर बर्फ असाधारण कमी होते. ओर्का देवमाशांची शिकार आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या व फाटकी जाळी गळ्यात अडकून होणारे मृत्यू हेही आहेतच. कुतूहलाने डोके घातलेले तरुण सील वाढत जातात तसा फास आवळत जातो. ज्यांच्या पूर्वजांना सील मारायला आणले होते, तेच बेटवासी आज असे फास कापून सीलना सोडवण्याचे काम करतात.

शिकारीचा प्रश्न सोपा होता, कारण त्यात दोषी समोर दिसत होता आणि चार देशांनी एका कागदावर सह्या केल्यावर तो सुटला. आजचा प्रश्न आईच्या आठवडाभराच्या फेरीत दडलेला आहे. ती फेरी एक-दोन दिवसांनी लांबली तर त्याचा आवाज कोठेही होत नाही, फक्त पुढच्या गणनेत काही पिले कमी भरतात. किपलिंगच्या कोटिकला अखेर माणूस न पोहोचणारा किनारा सापडला. बोगोस्लोफला माणसांची वस्ती नाही, म्हणून तो किनारा हाच, असे कोणाला वाटेल. परंतु माणसाची जाळी, त्याचे प्लॅस्टिक आणि त्याने तापवलेला समुद्र यांना आता कोणताच किनारा वर्ज्य राहिलेला नाही. त्यामुळे फर सीलने आणखी किती दूर जायचे हा प्रश्न नसून, परतणाऱ्या आईसाठी समुद्रात किती अन्न शिल्लक ठेवायचे हा आहे. आणि त्याचे उत्तर सीलकडे नाही.